पायाखालचा स्विच

मोटरसायकलचा हॉर्न बसला तर पहिल्याच चौकात कळतं. हेडलाइट गेला तर अंधार पडल्याबरोबर. क्लचची वायर तुटली तर गाडी जागची हलत नाही आणि चेन सैल झाली तर तिचा खडखडाट गल्लीभर ऐकू जातो. एकच दिवा असा, की तो बंद पडला तरी चालवणाऱ्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. ब्रेक दाबल्यावर मागे उजळणारा तो लाल दिवा मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. बिघाड एकाचा, भोगायचं दुसऱ्याने. त्यामुळे 'ब्रेक लाइट तेवढा पाहा' म्हणून गॅरेजवर आपणहून येणारं गिऱ्हाईक विरळाच. येतं ते ऑइल बदलायला. दिव्याचं मिस्त्रीच सांगतो, आणि तेही गाडी मागे घेताना त्याचं लक्ष गेलं तर.

कळमेश्वरसारख्या गावात हे जास्त बोचतं, कारण तिथला सगळा दिवसच दुचाकीवर चालतो. नागपूरच्या पश्चिमेला काटोल रोडने वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं ठिकाण. ब्राह्मणी गाव त्याला इतकं खेटलेलं की बाहेरच्याला शीव सापडत नाही. इटारसीकडे जाणारी रेल्वे गावातून जाते. एमआयडीसीत पत्र्यावर जस्ताचा मुलामा आणि रंग चढवणारा मोठा कारखाना आहे, आधी इस्पातचा, आता जेएसडब्ल्यूचा. पलीकडे मोहपा-काटोलच्या बाजूने संत्र्याच्या बागा, अलीकडे कापूस, सोयाबीन, तूर. पाळीवर जाणारा कामगार, वावरात जाणारा शेतकरी, नागपूरला शिकायला जाणारी पोरं, धापेवाड्याच्या विठोबाला निघालेलं जोडपं, सगळे एकाच रस्त्यावर आणि बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर. त्यांच्या मागेपुढे पत्र्याची गुंडाळी लादलेले ट्रेलर आणि संत्र्याचे ट्रक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं उतरलं, की पुढच्या गाडीचा आकार दिसेनासा होतो आणि लाल ठिपका तेवढा उरतो. तो ठिपका आहे तसाच राहिला की भडक झाला, यावर मागच्याने आपला पाय कुठे ठेवायचा ते ठरतं.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. टक्कर कशी झाली, या वर्गवारीत सगळ्यांत मोठा वाटा मागून धडकण्याचा आहे, पाच अपघातांत साधारण एक. यातल्या किती गाड्यांचा ब्रेक लाइट बंद होता, असा रकाना त्या तक्त्यात नाही. त्यामुळे सगळं खापर या दिव्यावर फोडण्यात अर्थ नाही. पण दिव्याने फरक पडतो का, याची परीक्षा एकदा झालेली आहे. १९७४ साली जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेखाली एक जादा ब्रेक लाइट बसवला. दहा महिन्यांनी हिशेब केला, तेव्हा जादा दिवा नसलेल्या टॅक्सींपेक्षा या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी निघाल्या. अमेरिकेने १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा केला. पुढे सगळ्याच गाड्यांवर तो आला, लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली आणि फायदा ४.३ टक्क्यांवर येऊन टेकला. हा दुसरा आकडा सहसा कुणी सांगत नाही, मला मात्र तोच जास्त विश्वासाचा वाटतो. मोटारीला दोन दिवे असताना तिसऱ्याने एवढं साधलं. मोटरसायकलला तर मुळात एकच दिवा.

आता त्या स्विचकडे येऊ. उजव्या पायाच्या ब्रेक पेडलपाशी खाली वाकून पाहिलं तर चेसिसच्या नळीजवळ करंगळीएवढी एक काळी प्लास्टिकची नळकांडी उभी दिसते. वरून दोन वायरी तिच्यात शिरतात आणि खालून निघालेली पितळी काडी एका बारीक स्प्रिंगने पेडलला अडकवलेली असते. पेडल खाली गेलं की स्प्रिंग ताणते, काडी खाली ओढली जाते, आतले दोन संपर्क जुळतात आणि दिवा लागतो. पाय उचलला की आतली दुसरी स्प्रिंग काडी वर घेते. इतकंच. नळकांडीच्या बाहेरून आटे पाडलेले असतात आणि त्यावर एक प्लास्टिकचा नट. दिवा लवकर लागावा की उशिरा, ते या नटाने ठरतं. हाताच्या ब्रेकचा स्विच याहून लहान, लिव्हरच्या बुडाशी दडलेला. त्याला एक टिकली असते. लिव्हर जागेवर असताना ती दबलेली राहते आणि तेव्हा दिवा बंद असतो. लिव्हर ओढली की टिकली मोकळी होऊन बाहेर येते आणि दिवा लागतो. म्हणजे पायाचा स्विच ओढल्यावर लागतो, हाताचा सुटल्यावर. दोघांच्या दुखण्यातला फरक इथूनच सुरू होतो.

दोन्ही स्विच एकाच दिव्याला समांतर जोडलेले असतात. दोन दारांच्या घरासारखं हे आहे, कुठलंही एक दार उघडं राहिलं तरी कुत्रं आत येतं. एक स्विच चिकटून चालू राहिला तर दुसरा कितीही ठणठणीत असो, दिवा विझत नाही. उलट एक मेला तरी दुसऱ्याने दिवा लागतो, आणि मग 'माझा तर लागते ना भाऊ' असं उत्तर येतं. पुढचा ब्रेक दाबून पाहिलेला असतो आणि चालवताना वापर सगळा मागच्याचा.

गॅरेजवरचा संवाद साधारण ठरलेला.

"ब्रेक मारला का लाइट नाही लागून राहिला?"

"लागून राहिला जी, पण बंदच नाही होऊन राहिला."

"अस्सं. जा बरं मांगून उभे राहा. मी दाबतो, तुम्ही सांगा."

मिस्त्री आधी हाताच्या स्विचची वायर उपसतो. दिवा विझला तर चोर सापडला. नाही विझला तर पायाच्या स्विचची वायर काढायची. दोन्ही काढूनही दिवा जळतच असेल तर स्विच निर्दोष आहेत आणि वायरिंग कुठेतरी सोलून एकमेकांना लागलंय. मग सीट काढा, टाकी उचला आणि काळी टेप उकलत बसा. दिवा अजिबात लागत नसेल तर रीत उलटी. स्विचच्या दोन्ही वायरी उपसून तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडायच्या. दिवा लागला तर स्विच गेला, नाही लागला तर स्विचला हात लावायचं कारण नाही. मग हॉर्न वाजवून पाहायचा. तोही मुका असेल तर फ्यूज किंवा बॅटरी. हॉर्न वाजतो आणि दिवा नाही, तर बल्ब, होल्डर नाहीतर अर्थिंग. दहा मिनिटांचं काम. मीटर लागत नाही, तारेचा बोटभर तुकडा पुरतो. तरी घाईच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळली जाते. आधी बल्ब बदलतात, मग स्विच, मग दोन्ही बदलूनही दिवा लागत नाही म्हणून 'वायरिंगचा प्रॉब्लेम आहे, गाडी ठेवून जा.'

बल्बचीही एक गंमत आहे. टेल लॅम्प आणि ब्रेक लाइट हे जुन्या गाड्यांत एकाच काचेत असतात. आत दोन तारा, एक ५ वॅटची कायम जळणारी आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकसाठी. बल्बच्या बुडाच्या दोन खिळ्या मुद्दाम खालीवर दिलेल्या असतात, म्हणजे बल्ब एकाच बाजूने बसावा. पण झिजलेल्या होल्डरमध्ये जोर केला की तो उलटाही बसतो. मग रात्रभर २१ वॅटची तार भडकून जळते आणि ब्रेक दाबल्यावर तिच्या झगझगाटात ५ वॅटची भर पडते, जी मागच्याला दिसणं शक्यच नाही. अर्थिंग सुटलं असेल तर निराळाच तमाशा. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळण्याऐवजी मंद होतो आणि इंडिकेटर उगाच मिणमिणतो. असं दिसलं की समजावं, मडगार्डच्या बोल्टखालची अर्थची वायर गंजली आहे. पत्र्याला गंज लागू नये म्हणून जस्त चढवणाऱ्या गावात हा आजार सर्रास आढळावा, याला काय म्हणायचं!

पण या भागात स्विच लवकर का मरतात, याला खरं कारण मातीचं आहे. पायाचा स्विच बसवलेली जागा चाकांच्या मधोमध, जमिनीपासून हातभर उंचीवर. पावसाळ्यात वावरातून निघालेल्या गाडीवर पुढच्या चाकाने उडवलेली काळी माती नेमकी तिथे थापली जाते. कापसाची ही माती ओली असताना डिंकासारखी धरते आणि वाळली की ढेकळासारखी घट्ट होते. काडी आणि नळकांडी यांच्यामध्ये तिचा थर बसला की काडी खाली जाते पण वर येत नाही. दिवा जळतच राहतो. मग मालक गाडी वॉशिंगला नेतो. पंपाचा फवारा थेट स्विचवर बसतो, माती निघते आणि पाणी आत जातं. आठवडाभर सगळं बरं चालतं. नंतर आतल्या पितळेवर हिरवा थर चढतो आणि आता दिवा लागतच नाही. वरून मे महिन्यातला नागपुरी उन्हाळा, ज्यात पंचेचाळीस अंश ही बातमीही होत नाही. रबराची टोपी कडक होऊन चिरते आणि पुढच्या पावसाची वाट मोकळी होते. एकाच स्विचवर माती, पाणी आणि ऊन असा तिघांचा मारा होतो.

ही गोष्ट फक्त गावाकडच्या जुन्या गाड्यांची आहे असं कुणी समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये होंडाने आपल्या हायनेस सीबी ३५० आणि सीबी ३५० आरएस या दोन-सव्वादोन लाखांच्या घरातल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्या वेळी सांगितलेल्या दोन दोषांपैकी एक होता मागच्या स्टॉप लाइट स्विचचा. ऑक्टोबर २०२० ते जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्यांत त्या स्विचचं रबर नीट मोल्ड झालेलं नव्हतं. ते सुटून आत पाणी जाण्याची, गंज चढण्याची आणि दिवा दगा देण्याची शक्यता होती. वॉरंटी असो वा संपलेली, भाग फुकट बदलून देण्याचं कंपनीने जाहीर केलं. कोट्यवधींची यंत्रसामग्री, संगणकावरची चित्रं, चाचणीचे ट्रॅक, आणि सगळं अडलं कुठे, तर नखाएवढ्या रबरापाशी. कळमेश्वरचा मिस्त्री हेच वेगळ्या शब्दांत सांगतो: पाणी गेलं का, खेळ खतम. मोठ्या गाडीला निदान परत बोलावणारं कुणी असतं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचे अधिकारही सरकारकडे आले. पण दहा वर्षं वापरलेल्या स्प्लेंडरचा स्विच मातीने मेला, तर तो निर्मितीतला दोष नव्हे, वापराची झीज. तिची जबाबदारी मालकाची.

आणि मालकाला ती आठवण करून देणारं कुणी नाही. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेवढ्या काळात तिला फिटनेसची तपासणी नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, धूर मोजतो, कागद देतो. दिव्याशी त्याचा संबंध नाही. नाक्यावरचे पोलीस हेल्मेट, लायसन्स आणि नंबरप्लेट पाहतात, तेही समोरून येणाऱ्याची. ब्रेक लाइट पाहायचा तर गाडी जाऊ द्यावी लागेल आणि गेलेल्या गाडीला थांबवणार कोण? म्हणजे शोरूमच्या बाहेर पडल्यापासून पंधरा वर्षांनी आरटीओच्या मैदानात उभी राहीपर्यंत या दिव्याची अधिकृत परीक्षा एकदाही होत नाही. पूर्वी हा स्विच नव्हता तेव्हा निदान हात होता. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून वर-खाली हलवायचा, हे वाहतुकीच्या नियमांत होतं आणि लोक करतही. आता हात दाखवणारा म्हातारा सायकलवालाच राहिला आहे.

बॅटरीचं प्रकरण तर खास खेड्यातलं. जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट आणि टेल लॅम्प थेट मॅग्नेटवर चालतात आणि स्पार्कही तिथूनच मिळतो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट तेवढे बॅटरीवर. म्हणून बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी सुरू होते, उजेड पडतो आणि मालक म्हणतो, 'चालून राहिली ना, कायले खर्च?' सेल्फ नसलेल्या गाडीवर बॅटरी न बदलता वर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा ब्रेक लाइट फडफडतो, नाहीतर गप्प असतो आणि स्विच बिचारा धडधाकट. उलटही घडतं. स्विच चिकटून दिवा सतत जळत राहिला तर २१ वॅट म्हणजे पावणेदोन अँपियरची चोरी चालू राहते. जुन्या गाडीची बॅटरी अडीच अँपियर-तासांची. चावी चालू ठेवून गाडी उभी राहिली तर दीड तासात ती रिकामी. चिकटलेल्या स्विचने बॅटरी मारली आणि मेलेल्या बॅटरीने दिवा मारला, असं चक्र मिस्त्रीला उलगडावं लागतं. नुसती नवी बॅटरी बसवून दिली, तर महिन्याभरात तेच गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं.

सतत जळणारा दिवा हा बंद दिव्यापेक्षा वाईट, असं माझं मत आहे. बंद दिव्याच्या मागचा माणूस निदान अंतर ठेवतो, बेभरवशाची गाडी म्हणून. कायम लाल असलेल्या गाडीच्या मागे चार किलोमीटर गेल्यावर मात्र डोळा तो लाल रंग मोजणंच सोडतो. मग पुढचा खरोखर थांबला तरी मागच्याला काही वेगळं दिसत नाही. आणि असे दिवे सगळेच बिघाडाने जळत नाहीत. पेडलवर उजवा पाय टेकवून चालवायची सवय असलेले पुष्कळ आहेत. त्यांचा दिवाही जळतो आणि लायनरही. पडलेल्या गाडीला बाजारातली स्वस्त लिव्हर बसवली, तर तिचं बूड टिकलीपर्यंत पोचत नाही, टिकली मोकळीच राहते आणि दिवा कायमचा चालू. तिथे स्विच बदलून काही होत नाही, लिव्हर बदलावी लागते. पोरांनी हौसेने बसवलेले चमचमणारे लाल-निळे एलईडी हा वेगळाच ताप. एलईडी वाईट नव्हे. तार तापून उजळायला साधारण ०.२ सेकंद घेते, एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात मागच्याला सव्वातीन मीटर जास्त मिळतात. पण तो स्थिर लाल असला तर. डिस्कोसारखा लुकलुकणारा दिवा ब्रेक सांगतो आहे की वरात, ते मागच्याने ओळखायचं कसं?

आता जी गोष्ट सर्वांत जास्त चुकते ती. मागचे लायनर झिजले की पेडल खोल जाऊ लागतं. मग मागच्या चाकापाशी ब्रेकच्या रॉडचा नट आवळतात, त्याला सगळे 'ब्रेक टाइट करणं' म्हणतात. आवळल्यावर पेडल थोडं दाबलं की ब्रेक धरतो. गिऱ्हाईक खूश. पण स्विच अजून जुन्या खोलीवर लावलेला असतो. पूर्वी पेडल दोन इंच जायचं, दीड इंचावर दिवा लागायचा. आता एका इंचात ब्रेक लागतो, पेडल पुढे जातच नाही, म्हणून दिवाही लागत नाही. जोरात दाबलं तर लागतो, तोही गाडी थांबत आल्यावर. स्विच नवाकोरा, बल्ब नवा, वायरिंग साफ, आणि दिवा मुका. ६० च्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे आठ मीटर, आणि एवढा उशीर फक्त स्विचचा नट न फिरवल्यामुळे.

तो फिरवायचा तर नळकांडी एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने नट. नळकांडीच फिरवली तर वरच्या वायरी पिळवटून आतून तुटतात, आणि हे नवशिक्या पोराच्या हातून हमखास होतं. स्विच वर सरकला की स्प्रिंग आधी ताणते आणि दिवा लवकर लागतो, खाली सरकला की उशिरा. पेडलने आपला मोकळा खेळ संपवला आणि ब्रेक धरायला लागला, त्याच्या जरा आधी दिवा लागायला हवा. हा मोकळा खेळ ड्रम ब्रेकच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत २० ते ३० मिलिमीटर दिलेला असतो. तो शून्यावर आणला तर लायनर सतत घासतात. स्विच फार वर घेतला तर खड्ड्यातल्या हादऱ्यानेही दिवा लुकलुकतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड-ब्रेक आला, ज्यात पायाच्या पेडलने पुढचा ब्रेकही ओढला जातो. तिथे पेडलचा खेळ आणखी जपून ठेवावा लागतो, कारण एक नट आवळला की दोन चाकांवर परिणाम होतो.

खर्चाचं म्हणाल तर पायाचा स्विच शे-दीडशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. पुष्कळदा तोही लागत नाही. जुना काढून, रॉकेलने धुऊन, फुंकून वाळवून, काडीला थेंबभर ऑइल दिलं तर एखादं वर्ष निघतं. मिस्त्री मजुरी मागायलाही संकोचतो. ज्या कामाची मजुरी मागता येत नाही, त्याच्यावर वेळ कोण घालवणार? सर्व्हिसिंगच्या बिलात हे काम 'इतर' या ओळीत जातं, आणि अनेकदा जातच नाही. दिवाळीच्या आधी गॅरेजवर रांग लागते तेव्हा तर नाहीच नाही. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, चेन, धुणं, पॉलिश आणि पुढची गाडी घ्या.

घरच्या घरी पाहायला मागे माणूस उभा करायचीही गरज नाही. संध्याकाळी गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून उभी करा, चावी फिरवा. जुन्या गाडीतही ब्रेक लाइट बॅटरीवर असल्याने इंजिन सुरू करावं लागत नाही. आधी फक्त हाताचा ब्रेक, मग सोडून फक्त पायाचा. भिंतीवरचा लाल उजेड दोन्ही वेळा तेवढाच भडक व्हायला हवा आणि सोडल्याबरोबर विझायला हवा. पेडल हळूहळू दाबत पाहिलं तर नेमका कुठे लागतो तेही कळतं. गॅरेजवर ब्रेक टाइट करून घेतला असेल तर पैसे देण्याआधी हे तिथेच करावं. मिस्त्री थोडा कुरकुरेल, 'आता तर केलं भाऊ' म्हणेल, आणि मग खाली वाकून नट दोन आटे वर घेईल.